वजन जास्त आहे म्हणून छोट्या चिऱ्याची बायपास नाही? हे जरा नीट छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत बायपासवर लेख आला होता तो मी नीट दोनदा वाचला, लेख चांगलाच होता, पण मधेच एक वाक्य टाकून दिलंय की लहान छेदातून होणारी बायपास ही फक्त सडपातळ पेशंटसाठी, आणि त्या एका वाक्यापायी हे पत्र लिहायला बसले. कारण तो पेपर आमच्या गल्लीत सगळ्यांनी वाचला आणि ज्या एका भाऊंचं ऑपरेशन ठरलंय ते वाचून म्हणाले, जाऊ द्या सिस्टर, आपलं पोट बघा केवढं, आपल्याला कुठे ते जमणार. डॉक्टरांना विचारलं पण नाही त्यांनी. पेपरात आलंय म्हणजे संपलं.

मी नर्स होते, आता रिटायर्ड आहे. सर्जिकल वॉर्डात नोकरी गेली सगळी आणि आता अमळनेरात आणि आजूबाजूच्या गावांत घरी जाऊन ड्रेसिंग करून देते. आपल्याकडचे पेशंट बायपासला नाशिकला जातात, मुंबईला जातात, नंदुरबारकडचे सरळ सुरत गाठतात, तिकडे सात-आठ दिवसांत डिस्चार्ज मिळतो आणि पुढची जखम इकडे घरी येते. ती जखम बघणारे आमच्यासारखे लोक. म्हणून हे लिहायचा मला थोडा हक्क आहे असं समजते.

नेहमीच्या बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात, काम झालं की स्टीलच्या वायरींनी आवळून बांधतात, ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पक्कं व्हायला धरा तीन महिने. बारीक माणसाचं बहुतेक वेळा काही होत नाही. पण वजन शंभराच्या घरात आणि वरून पंधरा वर्षांची शुगर असली की ती वायर रात्रंदिवस ताण झेलते, खोकला आला की ताण, कूस बदलली की ताण, आणि पलंगावरून उठताना दोन्ही हात टेकून अंग उचललं (जाड माणूस दुसरं काय करणार, त्याला तसंच उठता येतं) की हाडाच्या दोन फाका दोन बाजूंना ओढल्या जातात. बायकांचं तर आणखी वेगळं, छातीचंच वजन जखमेला दोन्हीकडून खेचतं, म्हणून आम्ही सांगतो की समोरून हुक असलेली, नीट आधार देणारी ब्रा लवकरात लवकर घाला, दिवसरात्र घाला, तर साठीच्या बायका लाजतात, सुना सासूला सांगायला लाजतात, आणि मुलाला तर तो विषयच नको असतो. इतकी साधी गोष्ट, पण डिस्चार्जच्या कागदावर ती लिहिलेली मला तरी दिसत नाही.

बिघडायला लागतं ते जखमेच्या खालच्या टोकाला, जिथून पोट सुरू होतं तिथे. आधी पाणी सुटतं, पिवळसर, कधी गुलाबी. गॉजवर रुपयाएवढा डाग असतो तोवर घरचे म्हणतात घाम असेल. आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळिसाला टेकलेला, कूलरचं ओलं वारं, छातीवर पट्टा, त्याच्या आत बनियन, म्हणजे घाम असतोच हो, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. मग मी जखमेवर अलगद हात ठेवते आणि खोका म्हणते. हाताखाली कट्ट असं लागलं की समजायचं हाड हलतंय. पेशंट म्हणतो, "माले काही व्हत नई." मी ड्रेसिंग झाकून ठेवते आणि गाडी बोलवायला सांगते, त्याच दिवशी, उद्या नाही.

असं खोलवर इन्फेक्शन शंभरात एखाद-दोघांनाच होतं, घाबरायचं कारण नाही. पण ज्यांना होतं त्यांच्यात लठ्ठपणा आणि डायबेटीस एकत्र असलेले लोक जास्त असतात हे जगभरचं जुनं निरीक्षण आहे, आणि झालं की परत ऑपरेशन, मेलेलं हाड खरवडून काढा, छातीचा स्नायू फिरवून खड्डा भरा, आठवडेच्या आठवडे इंजेक्शनं, आणि काही जण त्यातून उठतच नाहीत. छातीच्या आतल्या बाजूला हाडालगत दोन रक्तवाहिन्या असतात, त्यातली डावी जी आहे तिला सगळे लीमा म्हणतात, ती काढून हृदयाच्या पुढच्या मुख्य नसेला जोडतात, तोच बायपासचा सगळ्यात टिकाऊ धागा, दहा वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांच्या वर चालू सापडतो. पण ती हाडाला रक्त पुरवणारीच वाहिनी आहे. म्हणून जाड आणि शुगरवाल्या पेशंटमध्ये डावी-उजवी दोन्ही काढायला सर्जन कचरतात, हाड उपाशी राहतं म्हणून.

आता मला सांगा, ज्या माणसाला हाड कापण्याचा धोका सगळ्यात जास्त, त्यालाच आपण सांगतोय की हाड न कापायची पद्धत तुझ्यासाठी नाही?

ती पद्धत काय आहे ते लेखात दोन ओळींत उरकलंय म्हणून थोडं सांगते. डाव्या छातीखाली, चौथ्या किंवा पाचव्या फासळीच्या फटीतून, दोन-तीन इंचाचा आडवा चिरा देतात, बायकांमध्ये तो स्तनाच्या खालच्या घडीत लपतो. भूल देताना दोन नळ्यांची एक खास नळी घशातून टाकतात म्हणजे डावं फुफ्फुस तेवढ्यापुरतं बंद ठेवून जागा करता येते आणि उजव्या एकट्यावर श्वास चालू राहतो. मग लीमा सोडवून घेतात आणि बहुतेक वेळा हृदय चालू असतानाच, जिथे टाका घालायचा तेवढाच तुकडा एका पकडीने स्थिर धरून जोड देतात. काही सर्जन एकच जोड देतात आणि बाकीच्या नसांना नंतर स्टेंट (नस उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकतात, त्याला हायब्रिड म्हणतात. काही जण त्याच चिऱ्यातून तीन-चार जोडही देतात, अमेरिकेतल्या मॅकगिन आणि कॅनडातल्या रुएल यांनी अशा ४५० पेशंटचा एकत्र अनुभव २००९ मध्ये छापलेला आहे. आणि नवीन नवीन म्हणून जे चाललंय ना, तर रशियात कोलेसोव्ह नावाच्या सर्जनने १९६४ मध्ये लीमा जोडली होती ती डाव्या बाजूने फासळ्यांमधूनच, मधलं हाड न कापता, हृदय चालू ठेवून. मग पुढे हार्ट-लंग मशीनवर (ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुफ्फुसाचं काम करणारं यंत्र) काम करणं रुळलं, १९६७ मध्ये फावालोरो यांनी पायाची नस वापरून बायपास केली ती सगळीकडे पसरली, आणि मधून छाती उघडणं हाच रस्ता झाला कारण त्यात सगळं हृदय समोर दिसतं.

जाड पेशंटमध्ये हे अवघड जातं हे खरंच आहे, मी नाकारत नाही. छातीवर चरबीचा थर जाड, म्हणजे दोन इंचाचा चिरा खोल विहीर होऊन बसतो, हत्यारं लांब लागतात. हृदयावरसुद्धा चरबी असते, तिच्यात नस बुडालेली असते, शोधावी लागते. पोट छातीखालच्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलतं म्हणून फुफ्फुसात हवा आधीच कमी, त्यात एक फुफ्फुस बंद केलं की ऑक्सिजन घसरतो आणि भूलवाल्या डॉक्टरांना घाम फुटतो. घोरणारे पेशंट तर आणखी. पण ह्या सगळ्या अडचणी कोणाच्या आहेत ते बघा, सर्जनच्या आणि भूलतज्ज्ञांच्या आहेत, टेबलावरच्या तीन-चार तासांच्या आहेत. हाडाची अडचण पेशंटची आहे आणि ती तीन महिन्यांची आहे. ज्यांचा हात बसलेला आहे अशा ठिकाणांहून जे अभ्यास आलेत त्यात जाड पेशंटमध्येही ही बायपास नीट होते आणि जखमेचा त्रास कमी होतो असंच दिसतं, अर्थात पेशंट निवडून केलेले असतात हे ध्यानात ठेवायचं. म्हणजे "जाड आहे म्हणून नाही" हे उत्तर नाहीये. "मला जाड पेशंटमध्ये करायची सवय नाही" हे उत्तर असू शकतं, ते प्रामाणिक आहे, आणि मग दुसऱ्याकडे पाठवायचं.

कोणाला खरंच नको तेही लिहिते नाहीतर उद्या लोक माझ्या पत्राचा कागद घेऊन डॉक्टरांशी भांडतील. अटॅक चालू आहे, बीपी पडलंय, घाईत टेबलावर घ्यायचंय, तिथे छाती मधूनच उघडतात आणि तेच बरोबर. फुफ्फुसं विडीने गेलेली असतील तर एका फुफ्फुसावर ठेवता येत नाही. आधी डाव्या बाजूला टीबीचं पाणी झालेलं असेल, नळी टाकलेली असेल तर फुफ्फुस आतून चिकटलेलं असतं, आणि आपल्याकडे असे पेशंट काही कमी नाहीत, पण लोक वीस वर्षांपूर्वीचा टीबी सांगतच नाहीत, विचारलं तर म्हणतात तो तर बरा झाला. सांगा. आणि लहान चिऱ्याने सुरू करून मधेच छाती उघडायची वेळ येऊ शकते, त्याची सही आधीच घेतात, त्यात फसवणूक काही नाही. दुखणंही पहिले काही दिवस लहान चिऱ्याचं जास्त वाटू शकतं, फासळ्या ताणलेल्या असतात आणि त्यांच्या मधून मज्जातंतू जातो. चोपड्याकडच्या एका मावशींचं असंच होतं, चांगल्या वजनदार, शुगरवाल्या, घडीतला चिरा, त्यात घामाने फंगस झालं, खाज आणि लाल चट्टे, मी रोज घडीत कोरडं गॉज ठेवायला शिकवलं सुनेला, आणि मावशींचं तोंड चालूच की ह्यापेक्षा छाती उघडली असती तर बरं. महिनाभराने गेले तर चुलीपुढे बसून कळण्याच्या भाकरी थापत होत्या. वरवरची जखम होती, हाडाचा प्रश्नच नव्हता.

कोणी म्हणेल मग बायपास कशाला, स्टेंट टाका, २०१७ पासून तर सरकारने स्टेंटच्या किमतीही बांधून दिल्यात. टाका ना, जिथे चालतं तिथे. पण शुगर आहे आणि दोन-तीन नसा बंद आहेत अशा पेशंटवर फ्रीडम नावाची मोठी चाचणी झाली, १९०० पेशंट, २०१२ मध्ये निकाल आला, पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा लकवा यापैकी काहीतरी झालं ते स्टेंटवाल्यांत २६.६ टक्के आणि बायपासवाल्यांत १८.७ टक्के. लकवा एकट्याचा पाहिला तर बायपासमध्ये जास्त होता हेही सांगायला पाहिजे. पण एकूण हिशोब बायपासच्या बाजूचा. आणि आपल्याकडचा जाड पेशंट म्हणजे बहुतेक वेळा शुगरवाला पेशंटच असतो, म्हणून बायपास टाळून चालत नाही.

आणि जाड म्हणजे कोण? आपल्या लोकांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात, गोऱ्या लोकांचा ३० चा आकडा आपल्याला लागू नाही. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा दोघांचा शेजारी-शेजारी फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय सारखाच २२.३, पण अंगातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. तेव्हा हातपाय काटकुळे आणि शर्टाची खालची दोन बटणं ताणलेली असा जो आपला नेहमीचा माणूस आहे, वांग्याच्या भरिताच्या पार्टीत पुऱ्यांची दुसरी चळत मागणारा, त्याने "मी कुठे जाड" म्हणायचं कारण नाही. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटर, बायकांची ८०, त्याच्यावर गेलं की मोजणीत आलात.

वजनाचं आणखी एक. ऑपरेशन ठरलं की नातेवाईक पेशंटला उपाशी मारायला लागतात, आधी वजन उतरव म्हणे. असं करू नका. मुख्य नस बंद असताना वीस किलो उतरायची वाट बघायला वेळ नसतो, आणि उपाशी माणसाची जखम भरत नाही. अंडं, डाळ, दूध पोटात गेलं पाहिजे. त्या थोड्या दिवसांत जमण्यासारखं म्हणजे शुगर आटोक्यात आणणं, विडी-तंबाखू-गुटखा पूर्ण बंद, श्वासाचे व्यायाम, घोरण्याची तपासणी. नुसतं थोडं जाड असल्याने बायपासमध्ये माणूस जास्त दगावतो असंही नाही, बऱ्याच अभ्यासांत अगदी खंगलेले आणि अती लठ्ठ ह्या दोन टोकांना त्रास जास्त दिसलाय.

आता पाय. ह्याच्याबद्दल तुमच्या लेखात एक अक्षर नाही, म्हणून थोडं जास्त लिहिते. छातीचा चिरा दोन इंचाचा असला आणि जोड तीन-चार असले तर बाकीची नस कुठून आणणार, पायातून. आणि ती जुन्या पद्धतीने काढली तर घोट्यापासून मांडीपर्यंत लांबलचक चिरा. जाड बाईच्या मांडीत ती जखम म्हणजे काय असतं ते मला विचारा, चालताना मांड्या घासतात, पाणी झिरपतं, टाके सुटतात, पाय सुजून खांब होतो, आणि छाती केव्हाच बरी झालेली असताना मी दीड-दोन महिने पायाचंच ड्रेसिंग करत बसते. दुर्बिणीतून नस काढायची सोय आहे, गुडघ्याजवळ लहान चिरा पुरतो, जखमेचा त्रास त्यात नक्की कमी होतो. नाहीतर हाताची रक्तवाहिनी घेता येते, तळहाताला दुसरीकडून रक्त मिळतंय का ते तपासून. तेव्हा डॉक्टरांशी बोलताना छातीचा चिरा केवढा एवढंच विचारून घरी येऊ नका, पायातून नस घेणार का, किती, कशी, आणि जाड पेशंटमध्ये तुम्ही स्वतः हे नेहमी करता का, मधे छाती उघडावी लागली तर काय, हेही विचारा, आणि सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बायपास बसते पण तुम्ही म्हणता ती पद्धत त्याच दवाखान्यात योजनेतून होणार की वरचे पैसे घेणार ते कागदावर मागा. आपल्या शेजारचा धुळे जिल्हा तर ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठात होता, तरी अजून लोक दवाखान्यात ॲडमिट झाल्यावर रेशनकार्ड शोधत बसतात.

हे सगळं आपल्या भागाला का लागतं तर आपला पेशंट ऑफिसात बसणारा कमी. रावेर-यावलकडचा माणूस केळीचा घड खांद्यावर घेतो, तो वीस-पंचवीस किलोचा. हाड कापलेल्याला आम्ही तीन महिने भरलेली बादली सुद्धा उचलू देत नाही, मोटारसायकल नाही, ट्रॅक्टर तर नाहीच. तेवढ्यात कापूस वेचणी निघून जाते. आणि मुंबईहून परत येताना कसारा घाटातून गाडीत प्रत्येक ब्रेकला छातीला उशी धरून बसलेले लोक पाहिलेत मी. लहान चिऱ्यावालाही पहिल्या आठवड्यात घड उचलणार नाही, पण महिना-सव्वा महिन्यात कामाचं बोलतो.

तर विनंती अशी की त्या वाक्याची दुरुस्ती छापा, आणि जमलं तर हे ऑपरेशन जाड पेशंटमध्ये स्वतः करणाऱ्या एखाद्या सर्जनकडून आणि एखाद्या भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या, दोघांकडून, कारण एकटा सर्जन भूलेची अडचण सांगत नाही. आणि त्याच पानावर खाली जी जाहिरात होती, "बिनटाक्याची बायपास", ती तेवढी बंद करा. टाके असतात. मी काढते ते.

कळावे,
आपली एक वाचक,
निवृत्त परिचारिका, अमळनेर

ता.क. पत्र लांबलंय, जागा नसेल तर कोलेसोव्ह कापा, याज्ञिक कापा, माझी ओळख पण कापा, पण पायाच्या जखमेचं आणि ब्रा चं तेवढं राहू द्या, ते दुसरं कोणी लिहिणार नाही.